‘पाषाणभेद’ नेमका कोणता?

श्रीगोंदा - मुतखड्याचा त्रास सुरू झाला, की कोणीतरी ‘पाषाणभेद घ्या’ असे सुचवतेच. आणि बोट दाखवले जाते ते कुंडीतल्या पानफुटीकडे. आयुर्वेदीय औषधिकोशातील पाषाणभेद मात्र वेगळा आहे. ‘बर्जेनिया सिलिएटा’ ही ती वनस्पती काश्मीरपासून भूतानपर्यंत हिमालयाच्या खडकांत वाढते. तिच्या ‘सॅक्सिफ्रेज’ कुळाच्या लॅटिन नावाचा अर्थही ‘दगड फोडणारी’ असाच! भीमा-घोडकाठच्या कोरड्या श्रीगोंदा तालुक्यात ती रानात उगवत नाही. जिल्ह्यातील १६४६ मीटर उंच कळसूबाईवरही नाही.

तिची पाने जमिनीलगत, जाड, गोलसर, तळहाताहून मोठी होणारी. कडांना बारीक केस. फुले पांढरी-गुलाबी. औषधात वापरतात ते तांबूस-तपकिरी मूलकांड. पानफुटी मूळची मादागास्करची; तिचे खोड उभे असते व पानांच्या कडांवर रोपे फुटतात. सह्याद्रीच्या खडकाळ उतारांवरील कोलियसही याच नावाने ओळखला जातो. चौकोनी खोड, चोळल्यावर पानांना येणारा वास आणि निळी-जांभळी फुले यांवरून तो तुळशीच्या कुळातला, हे सहज कळते.

बाजारात मात्र मिळतात सुकलेले तुकडे. पाने-फुलेच नसल्याने नुसत्या नजरेने खात्री होत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाची व रासायनिक तपासणी लागते. हा केवळ नावाचा घोळ नव्हे. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये आहेत; ऑस्ट्रेलियात ती खाऊन गुरे दगावली आहेत. कोलियसमधील फोर्स्कोलिन रक्तदाब उतरवते. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असणाऱ्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय यातले काहीही घेऊ नये. मुतखड्यासोबत ताप आला किंवा लघवी अडली, तर काढा उकळत न बसता थेट रुग्णालय गाठावे.