पाचशेचा एसएमपीएस, पन्नास हजारांचा फटका! कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय घेताना काय बघाल?

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत एक वाक्य हमखास कानावर पडतं, 'एसएमपीएस गेलाय.' लाईट गेली, आली, पुन्हा गेली. नंतर बटण दाबलं तर कॉम्प्युटर ढिम्म. दुकानदार कॅबिनेट उघडतो, मागच्या पेटीचा वास घेतो आणि निकाल देतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'साधा घालू की चांगला?'

साधा पाच-सातशे रुपयांत मिळतो. चांगल्या कंपनीचा घ्यायचा तर दोन-तीन हजार मोजावे लागतात. बहुतेक गिऱ्हाईकांचं उत्तर तयार असतं, 'साधाच घाला हो. नुसती करंट द्यायची पेटी ती, तिला काय एवढं?'

इथेच गणित चुकतं. प्रोसेसर किंवा रॅम हलकी निघाली तर बहुतेक वेळा नुकसान तेवढ्याच भागापुरतं राहतं. एसएमपीएसचं तसं नाही. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क सगळं त्याच्या वायरला जोडलेलं असतं. तो बिघडला तर जाताना इतरांनाही घेऊन जाऊ शकतो.

ही पेटी करते तरी काय?

भिंतीवरच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्टचा एसी पुरवठा येतो. कॉम्प्युटरच्या आत मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एवढाच डीसी लागतो. एसएमपीएस आधी एसीचं डीसी करतो. या टप्प्यावर आत सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. हा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवला जातो आणि पलीकडे हवे तेवढे कमी व्होल्ट मिळतात.

म्हणजे सव्वातीनशे व्होल्ट एका बाजूला आणि तुमचा नाजूक मदरबोर्ड दुसऱ्या बाजूला. मधली भिंत या पेटीतच आहे. ती किती पक्की बांधली आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकात याचे नियम आहेत. १२ व्होल्टच्या लाईनवर पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आतच राहायला हवं. ५ व्होल्टची लाईन ४.७५ ते ५.२५ च्या आत. १२ व्होल्टवरची बारीक थरथर, म्हणजे रिपल, १२० मिलिव्होल्टच्या वर जाता कामा नये. हलक्या मालात हे आकडे लोड येईपर्यंतच पाळले जातात. लोड वाढला की ते घसरतात.

लेबलवरच्या वॅटवर जाऊ नका

स्वस्त एसएमपीएसवर '४५० वॅट', '५०० वॅट' असं ठळक छापलेलं असतं. हा आकडा कित्येकदा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो, तर कधी नुसताच छापलेला. खरी गोष्ट खालच्या बारीक तक्त्यात सापडते.

तिथे १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि त्याला १२ ने गुणा. समजा पेटीवर ४५० वॅट लिहिलंय आणि १२ व्होल्टसमोर १४ अँपिअर. चौदा गुणिले बारा म्हणजे १६८ वॅट. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळपास सगळी वीज १२ व्होल्टच्या लाईनवरूनच घेतात. म्हणून या पेटीचा उपयोग १६८ वॅटचाच. उरलेली बेरीज ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेली असते आणि तिचा आता फारसा उपयोग नाही.

आता मुलाने गेमिंगसाठी १५० वॅट खाणारं ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि प्रोसेसर जोरात चालताना ८०-९० वॅट घेऊ लागला, तर लागणार २३०-२४० वॅट. पेटी देऊ शकते १६८. विंडोज सुरू होईल, यूट्यूब चालेल. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू केलं की कॉम्प्युटर फटकन बंद. मग बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डला दोष दिला जातो.

पैसे कुठे वाचवले जातात?

पाचशे रुपयांत पेटी, पंखा, वायर आणि दोन्ही दुकानदारांचा नफा बसवायचा तर आतून काहीतरी कमी करावंच लागतं. कमी काय होतं ते बघा.

पहिली जाते ती विजेच्या तोंडावरची गाळणी. बाहेरून येणारा गोंगाट आणि झटके अडवायला इथे कॉईल आणि कपॅसिटर असतात. हलक्या पेटीत त्यांच्या जागा रिकाम्या दिसतात, नाहीतर वायरचा तुकडा टाकून जोडलेल्या असतात. अचानक वाढलेला दाब झेलणारा एमओव्ही नावाचा छोटा भागही गायब असतो. आपल्याकडे विजांचा कडकडाट, दुरून आलेल्या लाईनी आणि शेजारच्या मोटारी हे रोजचंच. तिथे नेमकी हीच ढाल काढून टाकलेली असते.

दुसरा नंबर कपॅसिटरचा. चांगल्या मालात १०५ अंश सेल्सिअसचे, हलक्यात बहुधा ८५ अंशांचे. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. मेच्या उन्हात बंद खोलीत टेबलाखाली धूळ खात पडलेल्या कॅबिनेटमध्ये तो किती टिकेल, हे वेगळं सांगायला नको. हा भाग खराब झाला की डोक्यावर फुगतो आणि आतलं द्रव बाहेर येतं. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला सदोष कपॅसिटरमुळे जगभर मदरबोर्ड बंद पडले होते. मोठमोठ्या कंपन्यांनाही त्याची झळ बसली.

तिसरी आणि सगळ्यात महागात पडणारी काटछाट म्हणजे संरक्षण. चांगला एसएमपीएस शॉर्ट झालं, लोड वाढला किंवा व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं तर स्वतःला बंद करतो. हलक्यात यातलं बरंच काही नसतं. अशा वेळी व्होल्टेज आवरणारा भाग निकामी झाला तर १२ व्होल्टच्या लाईनवर जास्त दाब येतो आणि तो थेट हार्ड डिस्क आणि मदरबोर्डवर जातो.

मदरबोर्ड पैसे टाकून नवा मिळतो. पण फोटो स्टुडिओवाल्याच्या डिस्कवर चार लग्नांचे फोटो असतील आणि दुसरी कॉपी नसेल, तर ते कुठल्या दुकानात मिळणार?

लक्षणं ओळखा

एसएमपीएस एकदम मरतोच असं नाही. आधी तो त्रास देतो आणि संशय दुसऱ्यावर जातो. कॉम्प्युटर मधेच रिस्टार्ट होतो, निळी स्क्रीन येते, पेन ड्राईव्ह लावला की हँग होतो, सकाळी दोन-तीनदा बटण दाबल्यावर सुरू होतो. लोक विंडोज पुन्हा टाकून घेतात, रॅम बदलतात. दोन वेळा फॉरमॅट मारूनही तोच त्रास असेल तर एसएमपीएस तपासायला सांगा.

दुकानदार मल्टिमीटर लावून पिवळ्या वायरवर १२, लालवर ५ आणि नारंगीवर ३.३ व्होल्ट बघू शकतो. मात्र हे माप कॉम्प्युटर कामात असताना घ्यायला हवं. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरवून दाखवला म्हणजे एसएमपीएस ठीक आहे असं होत नाही. लोड नसताना कुठलीही पेटी शहाणीच वागते.

जळका वास आला, पेटीतून चिरचिर आवाज आला तर लगेच प्लग काढा. घरी पेटी उघडायच्या भानगडीत पडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही काळ राहू शकतो.

यूपीएस आहे, तरी बंद का पडतो?

ही तक्रार सगळीकडची. लाईट गेल्यावर यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात, साधारण १० च्या आसपास. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर काढायचा असतो. एटीएक्सच्या नियमांत यासाठी बराच काळ सुमारे १६-१७ मिलिसेकंदांची अपेक्षा होती. हलक्या पेटीत हा कपॅसिटर छोटा असतो, म्हणून यूपीएस पोचायच्या आत कॉम्प्युटर मान टाकतो. दोष यूपीएसला आणि बदली बॅटरीची!

कॉम्प्युटर घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर मागे किंवा पुढे 'यूपीएस मोड'चं बटण आहे का बघा. साध्या मोडवर बदल व्हायला जास्त वेळ लागतो, तिथे चांगला एसएमपीएसही तग धरेलच असं नाही.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या?

याचं कारण नेहमी एसएमपीएस नसतं. चांगल्या एसएमपीएसमधल्या गाळणीतूनही थोडा करंट पत्र्यावर येतो आणि अर्थिंगमधून निघून जातो. घरात अर्थिंगच नसेल किंवा तीन पिनांची वायर दोन पिनांच्या जोडावर लावली असेल, तर तो करंट तुमच्या हातातून वाट काढतो. जुन्या घरांत हे फार दिसतं. आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

हलक्या मालात धोका याहून मोठा असतो. आत जास्त दाबाची बाजू आणि कमी दाबाची बाजू यांच्यात पुरेसं अंतर ठेवलेलं नसतं, इन्सुलेशन पातळ असतं. ते फाटलं तर मुख्य लाईनच पत्र्यावर येऊ शकते. अर्थिंग नसलेल्या घरात हा प्रश्न जिवावरचा आहे.

नाव मोठं म्हणजे माल चांगला?

बहुतेक वेळा हो, पण डोळे झाकून नाही. गिगाबाईट ही नावाजलेली कंपनी. तिचे 'जीपी-पी७५०जीएम' आणि 'जीपी-पी८५०जीएम' हे पॉवर सप्लाय चाचण्यांत फुटल्याच्या तक्रारी आल्या आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीला ठरावीक मालिकेतले नग बदलून द्यायची तयारी दाखवावी लागली. एकाच कंपनीचं एक मॉडेल उत्तम आणि दुसरं सुमार असू शकतं. म्हणून कंपनीसोबत मॉडेलचं नाव घालून त्याच्या चाचण्या बघा.

'८० प्लस'चा शिक्काही समजून घ्या. पेटी जी वीज खेचते तिच्यातली किमान ८० टक्के कॉम्प्युटरपर्यंत पोचते, एवढंच तो सांगतो. सुरक्षेची हमी तो देत नाही. तरी तो उपयोगाचा आहे. कॉम्प्युटरला १०० वॅट लागत असतील तर ८० टक्केवाली पेटी १२५ वॅट खेचेल, ६५ टक्केवाली १५४. रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर फरक सुमारे ७० युनिटचा. हेस्कॉम असो, महावितरण असो की गोव्याचं वीज खातं, वाचवलेले पैसे थोडे-थोडे करून बिलातून जातातच.

घेताना एवढं बघा

- १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२. हा आकडा तुमच्या गरजेपेक्षा बऱ्यापैकी जास्त हवा. ग्राफिक्स कार्ड असेल तर कार्डवाल्या कंपनीने सुचवलेले वॅट बघा.
- मॉडेल क्रमांक, लेखी वॉरंटी आणि सिरीयल क्रमांकासह पक्कं जीएसटी बिल.
- लेबलवर 'आर-' ने सुरू होणारा बीआयएस नोंदणी क्रमांक छापलेला असेल तर 'बीआयएस केअर' अॅपवर टाकून तो खरा आहे का ते बघता येतं.
- मागे ११५/२३० चं लाल बटण असेल तर ते २३० वरच हवं. ११५ वर ठेवून आपल्याकडच्या लाईनला लावलं की धडाम!
- कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळालेल्या एसएमपीएसचंही लेबल वाचा. फुकटात सहसा हलकाच येतो.
- बजेट कमी असेल तर नामवंत कंपनीचा ४५० वॅटचा घ्या, पण अनोळखी कंपनीचा ७५० वॅटचा नको.

माल एका राज्यातला, तक्रार दुसऱ्या राज्यात

सीमाभागातलं गिऱ्हाईक कुठूनही खरेदी करतं. कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणतं, कुणी बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरून, कुणी ऑनलाईन मागवतं. हैदराबाद, इंदूर, वडोदऱ्याच्या मराठी घरांतही हेच. माल खराब निघाला की 'आता तिकडे कोण जाणार?' म्हणून विषय सोडून दिला जातो.

सोडायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. दुकान दुसऱ्या राज्यात असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेल्या स्टुडिओ किंवा डीटीपीच्या कॉम्प्युटरलाही हा कायदा लागू होतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून बघावा, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात.

या सगळ्याला एकच गोष्ट लागते, बिल. 'बिल नको, शंभर कमी करा' म्हणून घेतलेल्या पेटीला कुठलाच आयोग वाचवू शकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानदाराने 'साधा घालू की चांगला?' असं विचारलं, तर आधी पेटी हातात घ्या, लेबल वाचा आणि बाराने गुणाकार करा. आणि घरी गेल्यावर, एसएमपीएस कितीही चांगला असला तरी, महत्त्वाच्या फाईलींची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.