तळ्यात की मळ्यात?

रेघ मारून खेळायचा तळ्यात-मळ्यात आपण सगळेच खेळलो आहोत. डिजिटल यंत्रांचा कारभारही त्याच जातीचा. त्यांना दोनच गोष्टी कळतात, शून्य आणि एक. पाच व्होल्टवरच्या सर्किटमध्ये दाब शून्याजवळ असला की ‘शून्य’, पाचाजवळ असला की ‘एक’. मधे कुठेतरी रेघ.

पण बाहेरचं जग इतकं चोख नसतं. उजेड हळूहळू मावळतो, पाणी हळूहळू तापतं. त्यांची खबर आणणारा दाबही रमतगमत चढतो-उतरतो. शिवाय मोटारी आणि लांबलचक तारा त्यात आपली खरखर मिसळतात. असा दाब रेघेवर रेंगाळला, की खरखरीमुळे क्षणात वर, क्षणात खाली. कारखान्यातल्या पट्ट्यावरून एक खोका गेला आणि काउंटरने तीन मोजले, तर मालाचा हिशेबच चुकतो.

साधं बटण घ्या. दाबताना त्याच्या पत्र्या एकमेकींवर आपटून काही मिलिसेकंद थरथरतात. बोट एकदाच टेकलं, पण यंत्राला वाटतं अनेकदा. ही थरथर निववायला रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडतात. त्याने दाब सावकाश चढतो. पण सावकाश चढला म्हणजे रेघेवर रेंगाळलाच!

यावरची तोड ऑटो श्मिट यांनी १९३४ मध्ये अमेरिकेत, विद्यार्थिदशेत काढली. १९३८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. गंमत म्हणजे, माकुलासारख्या समुद्रजीवाच्या मज्जातंतूंमधून संदेश कसे धावतात, या अभ्यासातून ती निघाली. तोड सोपी आहे : रेघ एक नको, दोन हव्यात. सर्किटच्या उत्तराचा थोडा अंश पुन्हा दाराशी आणला, की त्याची रेघ स्वतःच सरकते. यालाच श्मिट ट्रिगर म्हणतात.

७४१४ या चिपमध्ये असे सहा दरवाजे असतात. दाब साधारण १.७ व्होल्टच्या वर गेला की ते ‘एक’ मानतात, मग ०.९ च्या खाली उतरेपर्यंत ‘शून्य’ म्हणत नाहीत. (बाहेर पडताना उत्तर तेवढं उलटं होतं.) मधल्या ०.८ व्होल्टच्या पट्ट्यात आधीचाच निर्णय कायम. त्याहून लहान खरखर तिथेच विरते. घरचा फ्रिजही असंच वागतो. एका तापमानाला कॉम्प्रेसर सुरू होतो, त्याहून कमी तापमानाला बंद. नाहीतर तो सारखा चालू-बंद होत राहिला असता.

मात्र दोन रेघांमधलं अंतर बेतानेच ठेवावं लागतं. फार कमी ठेवलं तर खरखर जिंकते; फार जास्त ठेवलं तर खरी खबरही दाराबाहेर राहते. आधीच्या निर्णयावर ठाम राहणं हा इथे हट्ट नाही. पुरेसा पुरावा आला, की हेच सर्किट क्षणात आणि स्पष्टपणे आपलं मत बदलतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)