लिहिणाऱ्याचा कान

दिवाळी अंकाचं लेखन दिवाळीत होत नाही. संपादकांचा फोन पावसाळ्याच्या तोंडावर येतो आणि लेख हातावेगळा होईपर्यंत गणपती येऊन ठेपतात. हा लेखही तसाच लिहिला. महिनाभर आधीपासून संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू होता. पुढचे दहा दिवस कोपऱ्यावरच्या मंडपातला कर्णा. त्या दिवसांत मला एक गोष्ट खटकली आणि तीच या लेखाचा विषय झाली. ढोलांचा आवाज कितीतरी मोठा, पण त्यात लिहिता येत होतं. मंडपातली गाणी त्या मानाने हळू लागलेली, तरी वाक्य मध्येच अडायचं आणि पुढचा शब्द म्हणून गाण्यातलाच शब्द हाताशी यायचा. आणि कर्ण्यावरून कुणाची तरी गाडी हलवण्याची सूचना आली, की तिचा नंबर पूर्ण ऐकेपर्यंत हात थांबायचा. माझ्याकडे तर गाडीच नाही.

लिहिताना आपण मनातल्या मनात बोलत असतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली कार्यकारी स्मृतीची, म्हणजे काम चालू असताना लागेल तेवढं मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीची, जी मांडणी केली, तिच्यात या मनातल्या बोलण्याला स्वतंत्र जागा आहे. ऐकलेले किंवा मनात उच्चारलेले शब्द तिथे जेमतेम दोनेक सेकंद टिकतात. अधिक वेळ धरून ठेवायचे, तर पुन्हा पुन्हा घोकावे लागतात. दुकानात जाताना आपण सामानाची नावं पुटपुटत जातो, तसंच. वाक्य लिहिताना हेच चालतं. मराठीत तर क्रियापद शेवटी येतं. कर्ता, कर्म, मधली विशेषणं सगळी तिथवर सांभाळून न्यायची. लांब वाक्य लिहिणाऱ्याला या दोन सेकंदांची किंमत नीट कळते, असं मला वाटतं.

आता या जागेचं दार कानाकडे उघडं आहे, हीच अडचण. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. 1976 साली अमेरिकेत कॉल आणि वेल्श या संशोधकांनी विद्यार्थ्यांना पडद्यावर अक्षरं दाखवली आणि ती क्रमाने आठवायला सांगितली. त्याच वेळी कानावर जर्मन भाषेतला उतारा पडत होता. विद्यार्थ्यांना जर्मन येत नव्हतं, ऐकायचंही नव्हतं, तरी चुका वाढल्या. म्हणजे अर्थ कळला नाही तरी माणसाचं बोलणं आत शिरतंच. पुढे डिलन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेल्समध्ये या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. त्यांना असं दिसलं की आवाज किती मोठा, यापेक्षा तो किती बदलतो हे महत्त्वाचं. एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकवलं तर फारसा त्रास होत नाही. वेगवेगळी अक्षरं ऐकवली की क्रम विस्कटतो. पंख्याची घरघर, पावसाची संततधार, लांबून येणारा ढोलाचा एकसुरी ठेका यांच्याशी कान लवकर जुळवून घेतो. बोलणं मात्र क्षणाक्षणाला बदलतं आणि प्रत्येक बदल मनातल्या शब्दांना धक्का देतो.

ही झाली अक्षरं आठवण्याची गोष्ट. प्रत्यक्ष लिहिण्याचं काय? 2001 मध्ये सारा रॅन्सडेल आणि ली गिलरॉय यांनी विद्यार्थ्यांना संगणकावर निबंध लिहायला लावले, कधी शांततेत, कधी संगीत लावून. संगीत चालू असताना लिहिण्याचा वेग कमी झाला. गाण्यात शब्द असोत वा नुसतं वाद्यसंगीत असो, दोन्हींनी वेग कमी केला. हे वाचल्यावर मला थोडं वाईट वाटलं, कारण सतार लावून लिहिणारे कितीतरी मित्र माझ्या ओळखीचे आहेत. स्वीडनमध्ये 2012 साली झालेला एक प्रयोग तर माझ्या मंडपाच्या अनुभवाला जवळजवळ चिकटून होता. विद्यार्थ्यांना गोष्टी लिहायला सांगितल्या. काहींच्या कानावर साधं, कळणारं बोलणं, काहींच्या कानावर तेच बोलणं, पण ध्वनी उलटापालट करून अर्थ पुसलेलं, काही शांततेत. कळणाऱ्या बोलण्याने लेखन सर्वांत जास्त बिघडवलं. लिहिणारा शब्दांचा अर्थ जुळवत असतो, आणि बाहेरून येणारा अर्थ तीच जागा मागतो.

अर्धवट बोलणं त्याहूनही वाईट. शेजारचा माणूस मोबाइलवर बोलतो तेव्हा आपल्याला एकच बाजू ऐकू येते. कॉर्नेल विद्यापीठातल्या लॉरेन एम्बरसन आणि सहकाऱ्यांनी 2010 साली दाखवलं, की दोन्ही बाजू ऐकू आल्या तर लक्ष तितकं विचलित होत नाही, जितकं एकच बाजू ऐकताना होतं. पलीकडचा माणूस काय म्हणाला असेल, हे मेंदू आपोआप भरून काढायला जातो. लोकलमध्ये वही उघडून बसणाऱ्या कुणालाही हे सांगायची गरज नाही.

मग आवडतं संगीत? निक पेरम यांनी वेल्समध्ये हे तपासलं. आवडतं गाणं असो वा नावडतं, क्रम आठवण्याच्या कामात दोन्हींनी सारखाच अडथळा केला, आणि वाचून समजण्याच्या कामातही शब्द असलेल्या गाण्यांनी आवडीनिवडीची पर्वा न करता नुकसानच केलं. आपल्याला ‘छान चाललंय’ असं वाटणं आणि खरोखर छान चालणं यांत अंतर आहे. तरीही संगीत लावणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. लिहायला बसणं हाच ज्याच्यापुढचा डोंगर असतो, त्याला आवडतं गाणं खुर्चीपर्यंत आणून बसवतं, आणि खुर्चीत न बसलेल्याचा वेग मोजायला प्रयोगशाळेत सोय नाही. स्टीफन किंग यांनी लिहून ठेवलंय, की ते मेटालिका आणि एसी/डीसीसारखं दणदणीत रॉक लावून लिहितात; ते संगीत बाहेरच्या जगाला दाराबाहेर ठेवतं. म्हणजे त्यांना ते भिंतीसारखं हवं आहे.

कॅफेत जाऊन लिहिणाऱ्यांचा आवडता दाखला 2012 चा. रवी मेहता, रुई झू आणि अमर चीमा यांनी 50, 70 आणि 85 डेसिबलच्या गोंगाटात लोकांकडून कल्पकतेची कामं करून घेतली. 70 डेसिबलला, म्हणजे गजबजलेल्या कॅफेइतक्या आवाजात, कल्पना जास्त सुचल्या. 85 ला काम घसरलं. पण ती कामं सुचण्याची होती. पानभर गद्य बांधण्याची नव्हती. लेखाचा विषय कॅफेत सुचावा आणि लेख घरी लिहावा, असं माझं स्वतःचं झालं आहे.

इथे मला आपल्या घरातलं एक यंत्र आठवतं. जातं. पहाटे बायका दळायला बसत, वैरण घालत, आणि घरघर सुरू झाली की ओवी सुरू होई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी 1980 च्या दशकापासून महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करताना त्यांनी रचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली आणि बहिणाबाई गेल्यानंतर, 1952 साली ती पुस्तकात आली. जात्याची घरघर मोठी, पण एकसारखी. तिच्यात अर्थ नाही, म्हणून ती शब्दांची जागा मागत नाही. शिवाय ती घरातल्या माणसांचं बोलणं झाकते. सासुरवाशिणीला माहेरची आठवण काढायला तेवढा आडोसा पुरत असेल. आणि जातं ओढणारी तीच असे. गती तिच्या हातात.

आवाज कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1972 च्या त्यांच्या पुस्तकात फार हुशारीने हाताळला आहे. त्यांनी टाइपरायटर, हिशेबाचं यंत्र, स्पॅनिश आणि आर्मेनियन बोलणं असं सगळं एकावर एक चढवून एक कर्कश गोंगाट तयार केला. तो दोन गटांना ऐकवला. एका गटाला एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलंच नाही. दोन्ही गटांनी तेवढाच आवाज तेवढाच वेळ सोसला. नंतर शांततेत त्यांना मुद्रितं तपासायला आणि अवघड कोडी सोडवायला दिली. ज्यांच्याकडे बटण होतं, त्यांनी कमी चुका सोडल्या आणि कोड्यांना जास्त वेळ झुंज दिली. गोंगाट थांबल्यानंतरही त्याचा परिणाम उरतो, आणि आपला इलाज चालत नाही ही जाणीव तो परिणाम वाढवते.

थॉमस कार्लाइल यांची गोष्ट मला याच प्रयोगाच्या उजेडात दिसते. लंडनमधल्या चेल्सी भागात शेजाऱ्यांचे कोंबडे, पियानो आणि रस्त्यावरचे बाजेवाले यांनी ते जेरीला आले होते. 1853 मध्ये त्यांनी घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची खास खोली बांधून घेतली, उजेडासाठी छताला काच. पण जवळचे आवाज थोडे दबले आणि लांबचे वर येऊन पोचू लागले. तरी फ्रेडरिक द ग्रेटचं प्रचंड चरित्र त्यांनी त्याच खोलीत वर्षानुवर्षं बसून पुरं केलं. पॅरिसमध्ये मार्सेल प्रूस्त यांनी 1910 मध्ये झोपायच्या खोलीच्या भिंतींना बुचाच्या लाकडाचे तक्ते लावले आणि रात्रभर जागून लिहिलं. दोघांकडेही शांतता बांधून घेण्याइतका पैसा आणि जागा होती.

मुलांकडे यातलं काहीच नसतं. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेच्या अंगावरून उन्नत लोहमार्ग जात होता. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी 1975 साली दाखवलं, की रुळांकडच्या वर्गातली सहावीची मुलं मागच्या, शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळपास वर्षभर मागे होती. नंतर रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारं आच्छादन केलं; 1981 च्या पाहणीत तो फरक उरला नव्हता. रबराच्या पट्ट्यांनी मुलांचं वर्ष वाचवलं, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

आपल्याकडे 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. सणांसाठी वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. डेसिबलचा आकडा फसवा असतो. दहाने वाढला की ध्वनीची तीव्रता दसपट होते. 55 च्या जागी 75 म्हणजे शंभरपट. सणाला माझा विरोध नाही. ढोलाचा सराव ऐकत मी लिहितेच आहे. पण सहामाही परीक्षेला बसणारं मूल त्याच खिडकीत वही घेऊन बसलेलं असतं, आणि बटण त्याच्या हातात नसतं.

पुण्यात सदाशिव पेठेच्या आसपास गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली मुलंमुली खोलीत चार-पाच जण दाटीने राहतात आणि दर महिन्याला पैसे भरून एक टेबल, एक खुर्ची घेतात. पुस्तकं त्यांच्याकडे असतात, दिवाही खोलीवर असतो. ते पैसे भरतात ते शांततेसाठी. मंडपाच्या दिवसांत एका संध्याकाळी मीही तिथे एक खुर्ची घेतली आणि या लेखाची शेवटची चार पानं लिहिली. खोलीत पन्नासेक जण असतील. पंखे फिरत होते, पानं उलटत होती. दहाच्या सुमाराला माझ्या शेजारची मुलगी पाणी प्यायला उठली. खुर्ची मागे सरकवण्याऐवजी तिने दोन्ही हातांनी अलगद उचलली, आणि परत आल्यावर तशीच खाली ठेवली.