चौकट : ११७ मराठा, मुंबई ते बसरा

पहिल्या महायुद्धात, १६ ऑक्टोबर १९१४ रोजी, ११७ मराठा पलटणीची पुणे ब्रिगेड मुंबईहून जहाजांनी निघाली. २३ तारखेला बहरीन. तिथे मात्र शिपाई जहाजांतच ताटकळले, कारण तुर्कस्तानाशी युद्ध अजून जाहीर व्हायचे होते! ते ५ नोव्हेंबरला झाले आणि दुसऱ्याच दिवशी फाव येथे सैन्य उतरले. १५ ला सैहानची लढाई, १७ ला साहिलची. साहिलच्या आधी पाऊस कोसळलेला; चिखलात पाय रुतत असतानाच तुर्की खंदकांवर चाल करावी लागली. २२ ला बसरा ताब्यात. पुढे तुर्कांनी कुतला घातलेल्या वेढ्यात २९ एप्रिल १९१६ रोजी हीच पलटण शरण गेली.