वीस मुलं, एक ताई : मोजायचं काय?

मिनी अंगणवाडी म्हणजे साधारण १५० ते ४०० लोकवस्तीच्या पाड्यावरची किंवा तांड्यावरची अंगणवाडी. मूळ रचनेत तिथे सेविका एकटीच, मदतनीस नाही. (आता अशा केंद्रांना मदतनीस मिळू लागल्यात, पण ती रजेवर गेली की ताई पुन्हा एकट्याच.)

प्रस्तावात आपण 'मुलं-सेविका प्रमाण' असं लिहून मोकळे होतो. पाळणाघरांसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांवरच्या वीस मुलांमागे एक प्रशिक्षित कर्मचारी धरलाय. पण ताई संडासला गेल्या की तेच प्रमाण वीसला शून्य होतं. एक मूल पडलं, ताईंनी उचललं, की उरलेल्या एकोणीस जणांकडे कोण बघणार?

म्हणून मिनिटं मोजा. मुलं नजरेआड किती वेळ होती, कधी, कशापायी? आहार शिजवताना, की मोबाईलवर पोषण ट्रॅकर भरताना? हाकेला धावून येईल असं घर किती पावलांवर आहे?

आणि हो, तुम्ही वही घेऊन कोपऱ्यात बसलात की तिथे दुसरं मोठं माणूस आलंच. ताई "जरा बघा हं" म्हणून बाहेर जाणारच. मूल चुलीकडे निघालं तर उठायचं, नोंद गेली खड्ड्यात. नैतिकता समितीच्या अर्जात हे आधीच लिहून टाका. प्रबंधात पाड्याचं नाव येऊ देऊ नका. तिथे सेविका एकच असते, लगेच ओळखू येते, आणि 'मुलं एकटी सोडली' या तुमच्या एका वाक्यावरून नोटीस तिलाच निघू शकते.