एका ओळीत एक ग्राहक

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, निवृत्त फौजी माणसाचं जाहिरातींच्या हिशेबात काय काम? सांगतो.

माझी पुतणी इंदूरला तिघांचं छोटं ऑफिस चालवते. दुकानदारांच्या गूगल आणि फेसबुकवरच्या जाहिराती सांभाळायच्या, महिन्याला अहवाल पाठवायचा. गेल्या वर्षी एका सराफाचा अहवाल त्याच बाजारातल्या दुसऱ्या सराफाला गेला. कारण क्षुल्लक. कोणीतरी शीटमधला फक्त नावांचा रकाना अक्षरक्रमाने लावला, ईमेलचा रकाना जागेवरच राहिला. ग्राहक कायमचा तुटला.

ती रडवेली होऊन म्हणाली, “काका, फौजेत शेकडो जणांच्या नोंदी तुम्ही कशा ठेवायचात?” उत्तर साधं होतं. नॉमिनल रोल! प्रत्येक जवानाचा एक क्रमांक, एक ओळ आणि मूळ प्रत एकच. तेच इथे करायचं. याला कॉन्फिगरेशन शीट म्हणतात.

या शीटमध्ये आकडेवारी ठेवायची नाही. आकडे कुठून आणायचे, कसे मोजायचे आणि कोणाला पाठवायचे, एवढंच लिहायचं. एका ओळीत एक ग्राहक. रकाने असे: आपण दिलेला ग्राहक क्रमांक, नाव, गूगल अ‍ॅड्सचा दहा अंकी क्रमांक, मेटाचा अकाउंट क्रमांक, अ‍ॅनालिटिक्सचा प्रॉपर्टी क्रमांक, चलन, टाइम झोन, महिन्याचं बजेट, अहवालाचा ईमेल, आणि चालू की बंद. बाकीच्या शीट ग्राहक क्रमांक घेऊन एक्सलूकअपने इथूनच माहिती उचलतात. नाव दोघांचं सारखं असू शकतं, क्रमांक नाही.

आता तीन खड्डे सांगतो.

पहिला, लांब क्रमांक. स्प्रेडशीट संख्येचे पंधराच अंक नेमके धरते. सोळा अंकी अकाउंट क्रमांक टाकलात की शेवटचा अंक शून्य होतो, आणि अकाउंट बदलतं! म्हणून तो रकाना आधी ‘प्लेन टेक्स्ट’ करा, मग क्रमांक लिहा.

दुसरा, टाइम झोन. अकाउंट अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर उघडलं असेल, तर आपल्याकडे दिवाळीच्या सकाळी अकराला झालेला खर्च आदल्या दिवशी मांडला जातो. मग दुकानदाराच्या गल्ल्याशी मेळ कसा बसणार?

तिसरा, कर. गूगल अ‍ॅड्समध्ये दिसणारा खर्च कर सोडून असतो. १,००,००० रुपयांच्या खर्चावर १८ टक्के जीएसटी धरून बिल १,१८,००० होतं. अहवालात कुठला आकडा दाखवायचा, ते ग्राहकाला आधी विचारा आणि त्यासाठी एक रकाना ठेवा.

या पद्धतीचा फायदा बदलाच्या वेळी कळतो. १ जुलै २०२३ पासून गूगलने जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्समध्ये नवी माहिती घेणं थांबवायला सुरुवात केली आणि सगळ्यांना जीए-४ वर जावं लागलं. ज्यांचे क्रमांक प्रत्येक अहवालात वेगवेगळे लिहिलेले होते, त्यांना एकेक फाइल उघडावी लागली. ज्यांच्याकडे अशी शीट होती, त्यांचे निदान क्रमांक तरी एकाच रकान्यात बदलले.

शेवटी शिस्त. शीट ‘प्रोटेक्ट’ करा, बदलाचा अधिकार दोघांनाच द्या. चालू-बंदसाठी यादीतूनच निवड ठेवा, म्हणजे कोणी ‘चालु’ लिहून घोळ घालणार नाही. काम सुटलेल्या ग्राहकाची ओळ पुसू नका, ‘बंद’ करा. पासवर्ड इथे कधीही लिहू नका. आणि अहवाल निघण्याआधी एकाने क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पडताळायचा. शस्त्रागारात आम्ही रोज हेच करायचो.

पुतणीच्या ऑफिसात आता दर महिन्याच्या एक तारखेला हे वाचन होतं. वीस मिनिटं लागतात. तुटलेला ग्राहक परत आला नाही, पण तेव्हापासून एकही अहवाल चुकीच्या दारी गेलेला नाही.

आज एवढंच करा: कोरी शीट उघडा आणि पहिल्या ग्राहकाची ओळ भरा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.