आम्लता लपते, लॅक्टेट लपत नाही

पहाटे ५.३० : डेअरीची प्रयोगशाळा उघडली की आधी फ्रिज. लॅक्टेटच्या पट्ट्यांवर एन्झाइम असतं, म्हणून त्या थंडाव्यातच ठेवाव्या लागतात. लागतील तेवढ्या काढून डबीचं झाकण लगेच घट्ट लावते. दमट हवा लागली की पट्टी वाया. मग माहीत असलेल्या द्रावणावर मीटर तपासून घेते.

सकाळी ६.१५ : पहिला टँकर लागला. वास, तापमान, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून बाकी घनपदार्थ) ठीक. सीओबीसाठी, म्हणजे उकळल्यावर दूध फुटतं का हे पाहायला, परीक्षानळीत ५ मिली दूध घेऊन ५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवलं, फुटलं नाही. आम्लता ०.१४ टक्के. कागदावर दूध ताजं.

आम्लतेचा आकडा लॅक्टिक आम्लाच्या टक्क्यांत लिहितात, पण ताज्या दुधात ते जवळपास नसतंच. आकडा येतो केसीन, फॉस्फेट आणि सायट्रेटमुळे. आंबायला लागलेल्या दुधात कुणी सोडा टाकला तर आम्लता खाली येते, सीओबीतही दूध पास होतं. मात्र आम्लाचं सोडियम लॅक्टेट झालेलं असतं आणि ते दुधातून कुठेही जात नाही.

६.४० : "मॅडम, पास ना?" ड्रायव्हर विचारतो. "दादा, जरा थांबा, एक तपासणी राहिलीय." कॅरेझ द्रावणांनी प्रथिनं आणि स्निग्धांश खाली बसवून नमुना गाळते, एकूण दहापट पातळ करते. गाळून आलेल्या निवळ द्रवात पट्टी बुडवायची, जादा थेंब झटकायचा, वेळ लावायची. एन्झाइम लॅक्टेटचं पायरुवेट करतं आणि त्या ओघात पट्टीवर रंग चढतो. लॅक्टेट जितकं जास्त, तितका रंग गडद. मीटर दाखवतं ४८. म्हणजे दुधात लिटरला ४८० मिलिग्रॅम. रोझॅलिक ॲसिड घातलं, दूध गुलाबी झालं. सोडा पक्का. टँकर परत.

११.०० : दह्याची बॅच. पट्टीची मर्यादा लिटरला ६० मिलिग्रॅम, आणि दह्यात लॅक्टिक आम्ल साधारण ०.८ टक्के. म्हणून १ ग्रॅम दही २०० मिलीपर्यंत पातळ करते. वाचन ४० च्या आसपास यायला हवं.

दुपारी २.०० : योगर्टची बॅच. इथे एकट्या पट्टीवर विसंबत नाही. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस एल-लॅक्टेट तयार करतो, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस डी-लॅक्टेट. आमच्या पट्टीला फक्त एल हे रूप दिसतं. म्हणून सोबत पीएच आणि टायट्रेशन घेतेच.

४.०० : नोंदवही पूर्ण करून संकलन केंद्राला फोन. सांगणं रोजचंच, पण मनापासून : धार काढल्यावर दूध लवकरात लवकर ४ अंशांपर्यंत थंड करा, कॅन उकळत्या पाण्याने धुवा आणि आंबलेलं दूध वेगळं ठेवा. सोडा घालणं ही भेसळ आहे आणि हे दूध लहान मुलं पितात.